लांब शिट्टी

"शैला, ही चड्डी परत घसरायला लागली बघ. कमरेत घे जरा."

मी मशीनवर ब्लाउजची बाही जोडत होते. मान वर करून बघितलं तर मामा दारात उभे. पौषातली सकाळ, बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी, आणि ह्या माणसाच्या अंगातनं वाफा निघतायत. एका हातात पिळून काढलेला बनियन आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत खाकी हाफपँटची कंबर.

"अहो मामा, दिवाळीपासनं दोनदा घेतली मी ती. आता आणखी आत घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील."

"भेटू देत. सोयरे आहेत ते."

हे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझे मामा, माझ्या नवऱ्याचे आबा आणि अख्ख्या कराडचे घोलप सर. उभा जन्म शाळेत पीटी शिकवली, आणि ती अशी शिकवली की बाजारात चाळिशी उलटलेले बाप्येसुद्धा सर समोरून आले की पोट आत ओढायचे. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी तेवढी गेली, बाकी सगळं जिथल्या तिथं.

शिट्टीवरनं आठवलं. आमच्या लग्नाच्या वरातीत मामा सगळ्यांच्या पुढं, फेटा बांधून, छाती काढून चाललेले. चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं कुठल्याशा रिक्षावाल्याला अडवायला लांब शिट्टी मारली, आणि मामा जागच्या जागी थांबले. एक पाय पुढं तो पुढंच. मागनं बँडवाला त्यांच्यावर आदळला, बँडवाल्यावर करवल्या, आणि आमच्या जीपनं कच्चकन ब्रेक मारला. शाळेतला नियमच होता त्यांचा. लांब शिट्टी झाली की जिथं असाल तिथं थांबायचं, आभाळ कोसळलं तरी. पोरांना शिकवता शिकवता तो नियम त्यांच्याच हाडात जाऊन बसला होता. मी नवी नवरी, पदर तोंडात कोंबून हसून हसून मेले होते. पुढं कधी ह्याच गोष्टीची आठवण आली की माझ्या अंगावर काटा येईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

"कंबर नीट घे हां," मामा म्हणाले. "रथसप्तमीला हीच घालणार आहे."

"शाळेनं पाहुणे म्हणून बोलावलंय ना तुम्हाला? पाहुणे हाफपँटीत जाणार?"

"खुर्चीत बसून नारळ घ्यायला मी म्हातारा झालो काय? हेडमास्तरांना निरोप धाडलाय मी. सूर्य वर आला की सुरू करणार. हजार."

"हजार काय?"

"नमस्कार."

मी कात्री खाली ठेवली. रथसप्तमी म्हणजे सूर्याचा दिवस, त्या शाळेत पहिल्यापासनं पोरं मैदानावर सूर्यनमस्कार घालतात आणि मामा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुढं असायचे. पण हजार? साठी कधीच मागं पडलेल्या माणसानं?

"मामा, काही वयबिय?"

"वय कागदावर असतं. अंगाला विचार." असं म्हणून तिथंच, उंबऱ्याच्या आत, त्यांनी एक नमस्कार घालून दाखवला. खाली गेले, वर आले, श्वास जागच्या जागी. मी चड्डी घेतली आणि उसवायला बसले.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. गौरी-गणपतीत आत्या गेल्या. काविळीचं निमित्त झालं आणि धडधाकट बाई बघता बघता हातातनं निसटली. मामांच्या डोळ्यांतनं टिपूस आला नाही. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून माणूस पळायला बाहेर. भेटायला येणारे म्हणायचे, "सर म्हणजे लोखंड हो." माझा नवरा मात्र स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. म्हणाला, "आई तर गेली. आता आबा तेवढे राहिले पाहिजेत, शैला. मला दुसरं काही नको."

मलाही दुसरं काही नको होतं. मी बिनबापाची पोर. ह्या घरात आले तेव्हा मामांनी मला शाळेच्या मैदानावर सायकल शिकवली होती, सीटला धरून मागनं पळत. सून सायकल चालवते म्हणून गल्ली हसली, तर म्हणाले, "हसणाऱ्यांना पण शिकवतो, या." अशा माणसाला जपायचं म्हणजे काय करायचं? वेळेवर खायला घालायचं, कपडे बघायचे. आणि मामा तर दिवसेंदिवस तरणे दिसत होते. रात्रीची भाकरी सोडली, मग दूध सोडलं. "हलकं बरं वाटतं," म्हणायचे. पोटाला वळी नाही, दंडाची शीर न् शीर दिसते. मला वाटलं, सावरले.

एवढंच एक होतं, की माझ्या भाकरीची खोड काढायचे थांबले होते. माझ्या भाकरीला नावं ठेवणं हा मामांचा रोजचा कार्यक्रम. "इंदीच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा. तुझी भाकरी कौलावर घातली तर पाऊस गळायचा नाही." इंदी म्हणजे आमच्या आत्या. त्या हसायच्या, मी लाटणं दाखवायची. आत्या गेल्यापासनं मामा निमूट खायचे. मी म्हटलं, असेल, आठवण येत असेल.

एकदा मामा स्वेटर विसरून गेले म्हणून मी सायकल काढून प्रीतिसंगमावर गेले. कृष्णा-कोयनेचं पाणी थंडीनं धुरकटलेलं, आणि बागेत म्हाताऱ्यांचा गोल करून हसणं चाललेलं. मधे बाबर गुरुजी. प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, अंगकाठी चिमणीएवढी आणि हसणं असलं दणदणीत की पलीकडच्या काठाला ऐकू जावं. दोन्ही हात आभाळाकडं करून "हा! हा! हा!" असं सुरू करायचे आणि सगळा गोल त्यांच्या मागनं.

"या सूनबाई!" मला बघून गुरुजी ओरडले. "तुमच्या सरांकडं बघून आम्ही जगतोय बघा. बायको जाऊन दीड महिना नाही झाला तेव्हा ह्या माणसानं आम्हा सगळ्यांना पळण्यात मागं टाकलं!"

"तुमची पण साथ आहे ना गुरुजी."

"साथ कसली, नियम! आमच्या ग्रुपात रडगाणं नाही. ज्याला दुःख झालं त्यानं बागेला दोन चकरा जादा मारायच्या. डोळ्यातलं पाणी आहे ना, ते घामातनं काढून टाकायचं. अंग खणखणीत तर मन खणखणीत! काय मंडळी?"

"हा! हा! हा!" मंडळी म्हणाली.

मला पटलं. कुणाला पटणार नाही? मी मामांना शोधत घाटाकडं गेले. ते एकटेच पायऱ्यांपाशी उभे होते, एक हात भिंतीला, मान खाली.

"काय झालं हो?"

त्यांनी दचकून वर बघितलं. चेहरा पांढराफटक. "काही नाही. बुटात खडा गेलाय."

"मग काढा की."

"निघाला," म्हणाले, आणि पळत सुटले. बुटाला हात काही लावला नाही.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मामांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. पांढरा बनियन मला परीटघडीचा करून पाहिजे होता. "हणमंता, उद्या रजा काढलीस ना? सगळ्यांनी यायचं. सगळ्यांच्या समोर व्हायला पाहिजे."

"आबा, दोनशे-तीनशे घाला आणि थांबा," हे म्हणाले. "हजाराचा हट्ट कशाला?"

"सोडायचं नसतं मधे." आणि मग हातातलं घड्याळ काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. शाळेनं निरोपाच्या वेळी दिलेलं, जिवापाड जपलेलं. "उद्या हे मनगटावर रुतेल. तूच घाल. तुला शोभेल."

जेवायला बसलो. मामांनी कितीतरी दिवसांनी रात्रीची भाकरी मागितली. मी तव्यावरनं गरम वाढली. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "शैला, भाकरी आज झकास झालीय."

मी तवा तसाच टाकून बाहेर आले. "काय म्हणालात?"

"झकास झालीय म्हटलं."

"आत्यांसारखी?"

"इंदीसारखीच."

काय सांगू, छाती अशी फुगली माझी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी निघताना शेजारच्या काकूंनासुद्धा ऐकवलं मी, की बघा, शेवटी पास झाले.

मैदानावर पोरांनी सात घोड्यांचा रथ रांगोळीत काढला होता. एका कडेला गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यांत दूध तापत ठेवलेलं. रथसप्तमीला ते उतू जाऊ द्यायचं असतं. पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगा धरून उभी, आणि पुढं सतरंजीवर एकटे मामा. बाजूला बाबर गुरुजी माईक घेऊन मोजायला. पोरांना आवरायला हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात एक शिट्टी पण अडकवली होती. सूर्य डोंगरावर आला आणि मामांनी हात जोडले.

पोरांचे ठरलेले नमस्कार झाले, पोरं खाली बसली. मामा चालूच. शंभर झाले, टाळ्या. दोनशे झाले, टाळ्या. गावातली माणसं येऊन कडेनं उभी राहिली. खाली जायचे, छाती टेकवायचे, वर यायचे, सगळं घड्याळाच्या काट्यागत. माझ्या शेजारी कुणीतरी बाई पोराला सांगत होती, "बघ, अंग असं पाहिजे." मी उगाच पदर नीट केला. माझेच सासरे ना!

तेवढ्यात एक गृहस्थ गर्दीतनं वाट काढत माझ्याजवळ आले. डॉक्टर खटावकर. हृदयाचे डॉक्टर, त्यांची लेक ह्याच शाळेत होती.

"हे घोलप सरच ना?"

"हो, माझे सासरे," मी ऐटीत म्हटलं.

"कमाल आहे. ऑपरेशन कुठं केलंत? पुण्याला?"

"कसलं ऑपरेशन?"

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "झडप बदलायचं. हृदयाची झडप. केलंय ना?"

"अहो, कुणाची झडप? मामांना काही झालेलं नाही. ठणठणीत आहेत ते."

"ताई," डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला, "दिवाळीच्या आधी ते माझ्याकडं आले होते. पळताना चक्कर आली म्हणून. झडप पार आकसलीय त्यांची. मी बजावून सांगितलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत पळायचं नाही, जिनासुद्धा घाईनं चढायचा नाही. घरच्यांना घेऊन या म्हटलं, तर म्हणाले, सुनेला घेऊन येतो."

"मला?"

"तुम्हाला काही बोलले नाहीत?" डॉक्टरांनी मैदानाकडं बघितलं. "थांबवा त्यांना. आत्ताच्या आत्ता. हा माणूस कुठल्याही क्षणाला जाईल."

पुढचं मला नीट आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की रांगोळीतल्या घोड्यांवर पाय देत मी पळत होते आणि माझ्या कानात काही शिरत नव्हतं. सतरंजीजवळ बसकण मारली.

"मामा, थांबा."

ते खाली गेले, वर आले. "बाजूला हो, शैला."

"डॉक्टर खटावकर आलेत. सांगितलं त्यांनी सगळं. थांबा!"

दोन्ही हात जमिनीला, पाय मागं, अंग ताठ, अशा अवस्थेत मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ओठांचा रंग उडालेला, जांभळट. मला वाटलं, कळलं त्यांना, आता थांबतील. आणि त्यांनी वेग वाढवला.

हो, वेग वाढवला! खाली, वर, खाली, वर, मागं वाघ लागल्यासारखे. ह्यांना हाक मारली, हे धावत आले, दंडाला धरलं, तर मामांनी असा हिसडा दिला की हे मागं कोलमडले. लोकांना वाटलं, लेक बापाला चेव आणतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. "घोलप सर! घोलप सर!" पोरं ओरडायला लागली. बाबर गुरुजी माईकवर बेंबीच्या देठापासनं आकडे मोजतायत. मी ओरडतेय ते कुणाच्या बापाला ऐकू जाईना. सगळं मैदान मिळून एका माणसाला मरणाकडं ढकलत होतं, आणि टाळ्या वाजवून ढकलत होतं.

मग मला गुरुजींच्या गळ्यातली शिट्टी दिसली.

मी उठले, ती दोरीसकट ओरबाडली. गुरुजींची टोपी उडाली, माईक खाली पडून किंचाळला. शिट्टी तोंडात घातली आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा वारा तिच्यात फुंकला. लांब. डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत लांब.

मामा थांबले.

कमरेत वाकलेले, हात जमिनीवर, मान खाली, तसेच. मैदानावरची पोरंही जागच्या जागी थांबली. टाळ्या थांबल्या. गोवऱ्यांवरचं दूध तेवढं उतू जाऊन चरचरत होतं. मामांचं मन थांबायला तयार नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडाकडं बघून शपथेवर सांगते. पण अंग थांबलं होतं.

डॉक्टरांनी आणि ह्यांनी त्यांना धरून सतरंजीवर बसवलं. मी त्यांना मागनं टेका देऊन बसले. पाठीला हात लावला तर नुसती हाडं लागली. कुणीतरी गाडी आणायला पळालं. डॉक्टर मनगट धरून बसले होते.

मामा हळूच म्हणाले, "कशाला थांबवलंस गं?"

"डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी विचारलं. "हे केलं तर जीव जाईल म्हणून? माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी?"

मामांनी मान हलवली. "तरी नाही, शैला. म्हणूनच."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी मामांना घट्ट धरलं. ह्यांनी "आबा" म्हणून हाक मारली.

"इंदी गेली तेव्हापासनं," मामा दम खात बोलत होते, "सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. आत सगळं काळं काळं. सांगायचं कुणाला? लोखंड म्हणत होते सगळे. वेडंवाकडं काही केलं असतं तर हणमंताला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, आता पळालात तर पळता पळताच जाल. मला वाटलं, देवानंच वाट दाखवली. रोज जाताना वाटायचं, आज. पण हे मेलं अंग... जन्मभर कमावलेलं, पडायलाच तयार नाही. म्हणून म्हटलं, हजार. पोरांच्या समोर, मैदानात. लोक म्हणाले असते, काय भाग्याचा माणूस, शेवटपर्यंत..."

पुढं त्यांना दम पुरला नाही. चार महिने मी ज्याला तब्येत म्हणत होते, ते हे होतं. चड्डी कमरेत जितकी आत घेत गेले तितका हा माणूस घरातनं थोडा थोडा निघून चालला होता, आणि सगळं गाव त्याची वाहवा करत होतं. मला भयंकर राग आला. रडू नाही, राग.

"आणि म्हणून काल माझी भाकरी झकास झाली होती काय?" मी ओरडले.

मामांनी डोळे मिटले. "तेवढं तरी बोलून जावं म्हटलं."

"खरं सांगा. कशी झाली होती?"

"राहू दे आता."

"नाही, सांगा! कशी झाली होती?"

"...कडक होती," मामा म्हणाले. "पार वातड. इंदी असती तर..."

आणि इंदी म्हणता म्हणताच त्यांचा बांध फुटला. आत्या गेल्यापासनं न आलेलं रडू सगळं एकदम वर आलं. खांदे गदागदा हलत होते, नाकातनं, तोंडातनं हुंदके. दोन्ही हातांनी त्यांनी माझा पदर तोंडावर ओढून घेतला. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बापाच्या हातात बांधायला लागले. पट्टा काही लागेना.

बाबर गुरुजींना काय करावं सुचेना. पोरं टकामका बघतायत, गावातली माणसं कुजबुजतायत. त्यांनी पडलेला माईक उचलला आणि हसऱ्या तोंडानं म्हणाले, "पोरांनो, टाळ्या! बघा, सरांचा घाम कसा डोळ्यांतनं वाहतोय!"

दोन-चार टाळ्या पडल्यासुद्धा.

"घाम नाही तो, गुरुजी," मी म्हटलं. "रडतायत ते. रडू द्या त्यांना."

माईक चालू होता. माझं बोलणं भोंग्यातनं सगळ्या मैदानावर गेलं, पार रस्त्यापर्यंत. टाळ्या थांबल्या. गुरुजींचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

पुण्याला ऑपरेशन झालं. तिथंच एक मनाच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांच्याकडंही नेलं. "मला वेड लागलंय काय?" म्हणून मामांनी पहिल्या दिवशी बाईंकडं पाठ केली. बाई म्हणाल्या, "सर, पोरगं लंगडत आलं तर तुम्ही त्याला दोन चकरा जादा मारायला लावत होता का?" मामा वळले आणि त्यांच्याकडं तोंड करून बसले. गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याला बोलणं सुरू झालं. लगेच काही उजाडलं नाही. कित्येक दिवस भिंतीकडं बघत पडून राहायचे, तेव्हा मी मशीन त्यांच्याच खोलीत नेऊन ठेवली. पण एक दिवस ताटातली भाकरी उचलून त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "हिला भोक पाडून दोरी बांध. शाळेच्या घंटेला चालेल." मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

चैत्रात एका दुपारी बाबर गुरुजी दारात आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी खुंटीवरची शिट्टी काढली. परत करायची राहूनच गेली होती.

"ही न्यायला आलात ना? माफ करा हो, त्या गडबडीत टोपी पण उडवली मी तुमची."

"अगं, राहू दे ती तुझ्याकडं." गुरुजींनी आत डोकावून बघितलं. "सर?"

"झोपलेत. उठवू?"

"नको नको. झोप लागते ना त्यांना? मग झालं तर." ते जायला वळले. पायरी उतरले, परत चढले. उन्हानं चेहरा ओघळल्यासारखा दिसत होता. "सूनबाई, त्या पुण्याच्या बाई आहेत ना... मनाच्या डॉक्टर. त्यांचा नंबर मिळेल काय?"

"मिळेल की. कुणासाठी पाहिजे?"

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. तेच ते बागेतले हात, आभाळाकडं. तोंड उघडलं आणि पहिला "हा" बाहेर पडला. पुढचा काही येईना. ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले, हात वर, तोंड उघडं, आणि त्यांच्यासमोर मी, शिट्टी मुठीत घट्ट धरून.